उलटीची गोळी: मेडिकलपासून उसाच्या फडापर्यंत

ऑन्डान्सेट्रॉन हे चांगलं औषध आहे, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. औषधांच्या सुरक्षिततेवर लिहायला घेतलं की सूर लगेच भीतीचा लागतो आणि त्या भीतीपायी खरी गरज असलेला माणूसही गोळी टाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती कर्करोगाच्या रुग्णांसाठी. त्याआधी सिस्प्लॅटिनसारखी केमोथेरपी घेणारे रुग्ण दिवसदिवस ओकत असत आणि त्या त्रासाला कंटाळून काही जण उपचारच सोडून देत. आज त्याचीच गोळी केज, गेवराई किंवा पाटोद्याच्या कुठल्याही मेडिकलवर थोडक्या पैशांत मिळते. ही चांगली गोष्ट आहे. पण गोळी कोणाला द्यायची, कशासाठी, कशाबरोबर आणि किती दिवस, हे ठरवणारा माणूस मात्र मधल्यामध्ये गळून पडला आहे. बीड जिल्ह्यात तो गळण्याची जी कारणं आहेत, ती ओळखल्याशिवाय 'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

कायदा स्पष्ट आहे. औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियम, १९४५ च्या 'शेड्यूल एच'मधली औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. तशी सूचना पट्टीवर छापलेलीही असते, इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. प्रत्यक्षात गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "उलटीच्या दोन द्या." दुकानदार दहाच्या पट्टीतून कात्रीनं दोन गोळ्या कापून देतो. औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं, मुदत आणि बॅच नंबर दुसऱ्यावर. घरी पोचतो तो चकचकीत कागदाचा एक बोटभर तुकडा. त्यावरून आत काय आहे हे शिकलेल्या माणसालाही सांगता येत नाही. पुढच्या वेळी कोणालाही मळमळलं, की तोच तुकडा डब्यातून बाहेर निघतो.

त्या तुकड्यात ऑन्डान्सेट्रॉन असेल, डोमपेरिडोन असेल, मेटोक्लोप्रमाइड असेल, प्रोमेथाझिन किंवा गरोदर बाईला देतात ते डॉक्सिलामिन असेल. घरात सगळ्यांचं नाव एकच, उलटीची गोळी. शरीरात मात्र प्रत्येकीचं काम निराळं. पोट बिघडलं की आतड्यातून सेरोटोनिन सुटतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला खबर जाते. ऑन्डान्सेट्रॉन ती खबर अडवतं. गाडी लागते तेव्हा गडबड असते ती आतल्या कानात. म्हणून धारूरच्या घाटात एसटीत ओकणाऱ्या पोराला ऑन्डान्सेट्रॉन देऊन फारसं काही साधत नाही. तिथे प्रवासाआधी घेतलेलं प्रोमेथाझिन उपयोगी पडतं. पण तेही दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही, कारण त्यानं श्वास मंदावून मुलं दगावल्याची नोंद आहे. आणि ते घेऊन ट्रॅक्टर चालवायचा नाही, दारूबरोबर तर मुळीच घ्यायचं नाही.

आता फडाकडे येऊ, कारण बीडमध्ये हा विषय तिथे गेल्याशिवाय पुरा होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातली लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि पलीकडे कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती टनामागे फेडायची. एक दिवस बसलं तर खाडा, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर पैसे कापले जातात. या हिशेबात मळमळ हा आजार राहत नाही, ती कामातली अडचण होते. गोळी घेतली जाते ती बरं वाटावं म्हणून कमी आणि पहाटे फडात उभं राहता यावं म्हणून जास्त.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या प्रकरणाचं मूळ आणि या साध्या गोळीचं मूळ मला एकाच जागी दिसतं. खाडा पडू नये यासाठी शरीराची तक्रार लवकरात लवकर गप्प करायची, ही सक्ती दोन्हीकडे आहे. गोळीची बाब लहान आहे म्हणून तिची चौकशी होत नाही, इतकंच.

गरोदरपणातल्या उलट्यांवर थोडं थांबून बोलायला हवं. दिवस गेलेल्या बहुतेक बायकांना मळमळ होते. साधारण सहाव्या आठवड्याला ती सुरू होते, नवव्याच्या आसपास वाढते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. म्हणजे बाळाचे अवयव घडतात त्याच काळात औषधाची गरज सर्वांत जास्त असते. या योगायोगानं जगाला फार महागात शिकवलं आहे. १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी सर्रास दिलं गेलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली होती. त्या धास्तीचा फटका पुढे एका निर्दोष औषधालाही बसला. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्वाची जोडगोळी अमेरिकेत 'बेंडेक्टिन' नावानं विकली जायची. तिच्यामुळे व्यंग होतं असं अभ्यासांतून दिसत नसतानाही खटल्यांच्या भारानं १९८३ मध्ये कंपनीनं ती बंद केली. तीच जोडी पुन्हा तपासून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्य केली. आपल्याकडे ती 'डॉक्सिनेट' आणि इतर नावांनी मिळते आणि गरोदर बाईच्या मळमळीवर डॉक्टरांची पहिली पसंती बहुधा तीच असते.

ऑन्डान्सेट्रॉनची गोष्ट मधली आहे. २०१९ मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेनं मोठ्या नोंदींच्या आधारे सांगितलं, की पहिल्या तीन महिन्यांत ते घेतलेल्या बायकांच्या दर १०,००० बाळांमागे टाळू किंवा ओठ फाटलेली सुमारे १४ बाळं आढळतात आणि न घेतलेल्यांत ११. म्हणजे दहा हजारांत तीन जास्त. हा धोका छोटा आहे, पण आहे. युरोपच्या यंत्रणेनं पहिल्या तिमाहीत ते टाळा असं म्हटलं. इतर अनेक प्रसूतितज्ज्ञ म्हणतात की पहिली औषधं चालली नाहीत आणि बाई पाण्याचा थेंबही ठेवू शकत नसेल तर ते द्यावं. मला दुसरी बाजू पटते, एका अटीवर: तो निर्णय बाईला समजावून घेतलेला असावा. मेडिकलवर दोन गोळ्या कापून घेताना तो निर्णय कोणीच घेत नाही. ती पोटुशी आहे का, हे विचारलंही जात नाही. पुष्कळदा तिला स्वतःलाही ते अजून कळलेलं नसतं.

फडावर या गोळ्यांच्या किरकोळ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या परिणामांचाही अर्थ बदलतो. डॉक्सिलामिननं गुंगी येते. घरी असणारी बाई रात्री ती घेऊन झोपेल. पण पहाटे उठून कोयता चालवायचा आणि मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढायचं असेल, तर ती गुंगी जीवावर बेतू शकते. ऑन्डान्सेट्रॉननं पोट घट्ट होतं. त्यात रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतात, त्यांनीही तेच होतं. कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर, शौचालय नसतं, म्हणून बायका अंधार पडेपर्यंत थांबतात आणि त्यासाठी पाणीही कमी पितात. पुस्तकात एका शब्दात उरकलेला हा परिणाम तिच्यासाठी रोजचा छळ ठरतो. मग दोन्हींपैकी एक गोळी सुटते आणि बहुधा सुटते ती लोहाची.

काही बायकांच्या उलट्या मात्र साध्या नसतात. वजन उतरतं, लघवी गडद आणि अगदी थोडी होते, उठलं की चक्कर येते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ताकदीचं सलाइन लावलं जातं, म्हणजे बहुतेक वेळा ग्लुकोज. आठवडे-आठवडे ओकलेल्या बाईच्या शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे हलायला लागतात, तोल जातो, बाई बरळते. बी-१ चं इंजेक्शन फार महाग नाही. 'आधी थायमिन, मग ग्लुकोज' एवढं वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर हवं.

लहान मुलांच्या बाबतीत पुरावा चांगला आहे आणि म्हणूनच वापर नेमका असायला हवा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयात जुलाब-उलट्या झालेल्या २१५ मुलांवर अभ्यास झाला. ऑन्डान्सेट्रॉनची एकच मात्रा तोंडानं दिल्यावर उलटी झालेल्या मुलांचं प्रमाण १४ टक्के राहिलं. औषध नसलेली गोळी दिलेल्यांत ते ३५ टक्के होतं. सलाइनची गरजही निम्म्याहून कमी झाली. यातला 'एकच' हा शब्द महत्त्वाचा. उलटी थांबवून तोंडावाटे ओआरएस पोटात टिकावं, एवढ्यासाठी ती मात्रा होती. आपल्याकडे सिरपची बाटली येते आणि दिवसातून तीनदा, संपेपर्यंत, अंदाजानं चमचा भरून दिली जाते. या औषधानं जुलाब वाढू शकतात, मग त्यावर आणखी एक औषध येतं. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये साधारण २ मिलिग्रॅम औषध असतं आणि मात्रा वजनावर ठरते; घरातला चमचा त्यासाठी चालत नाही, बाटलीबरोबरचं मापच वापरायचं. डोमपेरिडोनबद्दल सांगायचं तर बारा वर्षांखालच्या मुलांत ते उलटीवर फारसं कामच करत नाही, असं दिसल्यावर युरोपात २०१९-२० च्या सुमाराला त्याचा तसा वापर थांबवला गेला.

मुलांचा जीव ओआरएस वाचवतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आणले. त्या वेळी ऑन्डान्सेट्रॉन नव्हतं. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजायचं, हेच तेव्हाही तंत्र होतं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या आष्टी-पाटोद्याच्या वाड्यांवर आणि पाटाचं पाणी पिणाऱ्या कोप्यांवर घरात चार पुड्या असणं हे कुठल्याही गोळीपेक्षा मोलाचं आहे. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी नाही. ओआरएसच्या नावानं खोक्यात मिळणारी गोड पेयं वेगळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्यांना ते नाव वापरायला मनाई केली, हे बरं झालं.

उलटी थांबवण्याआधी ती कशामुळे झाली हे पाहणं, हा या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि मराठवाड्यात तो शहरापेक्षा अधिक तातडीचा आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य घालवलं. विंचू चावल्यावर उलटी, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणं ही विष हृदयापर्यंत पोचत असल्याची खूण आहे, हे त्यांच्या कामातून डॉक्टरांना कळलं. तिथे उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवणं म्हणजे प्राझोसिन हे त्यावरचं औषध देण्याची वेळ घालवणं. मण्यार आणखी फसवी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या मिटायला लागतात. कोपीत खाली झोपणाऱ्या माणसाची पहाटेची उलटी म्हणूनच कधीही 'रात्रीचं बाधलं' म्हणून सोडू नये. कापसावर फवारणी करून आलेल्याची उलटी, सोबत लाळ आणि बारीक झालेल्या बाहुल्या, ही कीटकनाशकाची विषबाधा. गाडीवरून पडून डोक्याला मार लागल्यावरची उलटी, तान्ह्या बाळाची हिरवी उलटी, पोट फुगून संडास-वारा बंद झाल्यावरची उलटी, मधुमेह्याची धापेसह उलटी, यांतल्या एकीलाही गोळी हा उपाय नाही. १०८ ला फोन हा उपाय आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात सप्ताहातला एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं ओकू लागली. रुग्णालयात जागा नव्हती. बाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवल्या गेल्या. उपवासाच्या भगरीनं बाधण्याचे प्रकार आपल्याकडे दर वर्षी घडतात. अशा गर्दीत सरसकट सगळ्यांना उलटीच्या एकाच औषधाची सुई टोचली जाते, आणि तेव्हाच मेटोक्लोप्रमाइडचा दुष्परिणाम दिसण्याची शक्यता जास्त. हे औषध मेंदूत शिरतं. लहान मुलं आणि तरुण, त्यातही मुली, यांच्यात कधी काही तासांनी मान एका बाजूला पिळवटते, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो, डोळे वर जाऊन तिथेच थिजतात. माणूस शुद्धीवर असतो आणि भेदरलेला असतो. गावात 'बाहेरचं झालं' म्हणतात आणि अंगारा लावायला नेतात. खरं तर योग्य इंजेक्शन दिलं, आपल्याकडे बहुधा प्रोमेथाझिनचं, की काही मिनिटांत मान सरळ होते. सोबतच्यांनी 'उलटीची सुई दिली होती' एवढं सांगितलं तरी डॉक्टरचा निम्मा शोध संपतो. युरोपनं २०१३ मध्ये या औषधाला पाच दिवसांची आणि मोठ्यांना दिवसाला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि वर्षाखालच्या बाळांना ते बंद केलं. महिनोन् महिने घेतलं तर तोंडाच्या हालचाली कायमच्या बिघडू शकतात.

डोमपेरिडोनचा त्रास वेगळ्या वाटेनं येतो. ते ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलच्या जोडीनं येतं आणि लोक त्याला गॅसची गोळी म्हणतात. त्यात उलटीचं औषध आहे हे घेणाऱ्याला ठाऊकच नसतं. युरोपनं २०१४ मध्ये ते शक्यतो एक आठवड्यापुरतं ठेवायला सांगितलं. आपल्याकडे लोक रोज सकाळी उपाशीपोटी, वर्षानुवर्षं घेतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युतयंत्रणा पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो हे औषध लांबवतं. ऑन्डान्सेट्रॉनही लांबवतं, म्हणूनच २०१२ मध्ये अमेरिकेत त्याची ३२ मिलिग्रॅमची एकरकमी शिरेतली मात्रा बंद झाली. चार मिलिग्रॅमच्या एका गोळीनं धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधीच खाली गेलेलं असतं, त्यावर ॲझिथ्रोमायसिन किंवा ओफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक येतं, खाजेसाठी फ्लुकोनाझोल चालू असतं, आणि घरातली गॅसची गोळीही. यांतल्या प्रत्येकाचा हृदयावरचा परिणाम एकाच दिशेनं जातो. वय झालेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा ज्याच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे अशा माणसानं हे डॉक्टरला आपणहून सांगायलाच हवं.

कर्करोगाच्या रुग्णांचं चित्र त्यामानानं समाधानाचं आहे. बीडचे रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात आणि तिथे केमोआधी कोणतं औषध किती द्यायचं याची पद्धत ठरलेली असते. उलटी रोखण्यासाठी दिलं जाणारं ओलान्झापिन १० ऐवजी अडीच मिलिग्रॅम दिलं तरी तेवढंच काम करतं आणि झोप कमी येते, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दाखवलं. अडचण येते ती घरी परतल्यावर. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या मळमळीसाठी दिलेल्या गोळ्या पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून घेतल्याच जात नाहीत.

काय करता येईल, हे फार अवघड नाही. मेडिकलमधला फार्मासिस्ट गोळ्या कापून देताना पुडीवर मराठीत औषधाचं नाव, कितीदा आणि किती दिवस एवढं लिहू शकतो, आणि "पोटुशी आहात का? आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" हे दोन प्रश्न विचारू शकतो. टोळी निघण्याआधी आशाताईनं कोयत्यामागे ओआरएसच्या पुड्या द्याव्यात आणि गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत न ठेवता सोबत बांधून द्यावं. त्यावर चालू औषधं लिहिलेली असतील तर कराड किंवा माळशिरसच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. देशाचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तिथे बॅच नंबर विचारतात, म्हणून पट्टीचा तो टोकाचा तुकडा मागून घ्यावा.

आणि खाड्याचं काय? साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना दर काही वर्षांनी टनाच्या दरावर बोलणी करतात. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी हैराण झालेल्या बाईला दोन दिवस कोपीवर पडून राहता आलं आणि तिचे पैसे कापले गेले नाहीत, तर यांतल्या बऱ्याच गोळ्या लागणारच नाहीत. पुढच्या बोलणीत गरोदर बाईचा खाडा माफ करण्याचा मुद्दा दराइतकाच वर यायला हवा.